टोकाशी निळं

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भात संशोधन केंद्रातल्या बरणीत सखरूबाई ठाकूर यांच्या भाताच्या मुळाभोवतीची जेली फक्त टोकाशी निळी झाली. शेजारच्या बरण्यांत इतर वाणांच्या मुळांभोवती ती आख्खी निळी होती.

"मुळातून हवा गळते तिथे निळं होतं," संशोधिका म्हणाली. "तुमच्या मुळाची साल घट्ट आहे, आजी. साचल्या पाण्यातही ते हवा सोडत नाही."

"मग माझ्यापेक्षा बरं म्हणायचं," सखरूबाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

हे वाण आता त्यांच्याशिवाय कुणी पेरत नव्हतं. केंद्राला ते जपायला पिकलेलं बी हवं होतं, आणि दाणा भरायला अजून महिना होता.

सखरूबाई म्हणाल्या, "खाडीचं खारं पाणी रोज शेतात येतंय, बाय. बांध फुटला की पूर्वी घरटी एक माणूस तो भरायला उतरायचं. सगळ्यांनी जमिनी विकल्या. आता हाक मारू कुणाला?"

सखरूबाई दुपारच्या एसटीने गावी परतल्या. त्याला नऊ दिवस झाले. ओहोटीला त्या एकट्याच बांधावर माती टाकतात, भरतीला ती वाहून जाते. कालपर्यंत रोपं हिरवी होती.