सहावी पातळी

बाबांनी न्हाणीघराची कडी आतून लावली, तसा धाकटा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला. पाण्याचा आवाज सुरू होईपर्यंत त्याने माऊसला हातसुद्धा लावला नाही. मग बुद्धिबळाचा प्रोग्राम उघडला, सेटिंगमध्ये शिरला आणि मशीनची पातळी सहावरून दोनवर आणली. सगळं मिळून अर्धं मिनिट. पण लबाडी ती लबाडीच. त्याचे कान गरम झाले होते.

पटाशेजारी पातळीचा आकडा दिसत नव्हता, एवढं एक बरं होतं.

पैज बाबांनीच लावली होती. महिन्याभरात दोनदा ते गॅसवर दूध ठेवून विसरले. दुसऱ्यांदा तर धूर बघून शेजारी धावत आले. तेव्हापासून ताईने धोशा लावला होता की आता एकटं राहणं पुरे, माझ्याकडे चला. बाबा ऐकतात कसले! आई गेल्यापासून चार वर्षं त्यांचं एकच पालुपद होतं, मी माझ्या घरातून हलणार नाही, आणि जावयाच्या घरी तर मुळीच नाही. शेवटी गेल्या रविवारी तेच म्हणाले, "सहाव्या पातळीवर मी या मशीनला रोज लोळवतो. पुढच्या रविवारी तुमच्यासमोर लोळवतो. जिंकलो, तर हा विषय कायमचा बंद. हरलो, तर मुकाट्याने येतो."

"लेखी द्या," ताई म्हणाली. ती नर्स होती, तिचा तोंडी गोष्टींवर विश्वास नव्हता. बाबांनी खरंच लेखी दिलं.

धाकट्याला मात्र धडकी भरली होती. घर सुटलं की बाबा खचणार, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. तो जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हाही त्यानेच भंगारातून उभा केला होता. त्यातली लिनक्स प्रणाली फुकटची, बुद्धिबळही फुकटचं. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. हा प्रोग्राम कुणीही उघडून आतून बघू शकतो, बदलू शकतो, हे कळल्यावर ते केवढे खूश झाले होते! "म्हणजे झाकणाला स्क्रूच नाही म्हण की," असं म्हणाले होते.

बाबा भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले. मग खिसे चाचपल्यासारखं करून म्हणाले, "चष्मा राहिला. बघ रे जरा आत. आणि ताई, तू चहा टाक. परीक्षा कोरड्या घशाने देणार नाही मी."

धाकट्याने खोलीतली प्रत्येक फळी पालथी घातली. हात हलवत परत आला, तर चष्मा बाबांच्या नाकावर होता.

"शर्टाच्या खिशातच होता," बाबा म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या ताईने धाकट्याकडे पाहिलं. हे असंच चालतं, अशी ती नजर होती.

डाव सुरू झाला. बाबांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मशीनने लगेच उत्तर दिलं. पहिल्या आठ चाली ठीक गेल्या. नवव्या चालीला मशीनचा घोडा असा काही आत घुसला की बाबांचा हात माऊसवरच थांबला.

धाकटा खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. दुसऱ्या पातळीचं मशीन म्हणजे नुसतं भोळसट. ते वजीरसुद्धा फुकट देऊन टाकतं. त्याच्यापुढे बाबा अडतात?

पाच मिनिटांनी बाबांचा हत्ती गेला. मग उंट. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटले होते. ते जीव तोडून खेळत होते, हे कुणालाही दिसलं असतं.

"बाबा, चुकून क्लिक झालं असेल," धाकटा म्हणाला. "चाल मागे घ्यायचं बटण आहे."

"ठेवलं ते ठेवलं."

"अहो, एकच चाल. ताई काही म्हणणार नाही."

"तू लहानपणी हरलास की भोकाड पसरायचास. तेव्हा कधी मुद्दाम हरलो का तुझ्याशी? खोटं खेळणं मला या जन्मी जमायचं नाही."

धाकट्याने मान खाली घातली. ताई हातातला कप फिरवत राहिली. चहावर केव्हाच साय धरली होती.

एकतिसाव्या चालीला मात झाली. बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला.

"हरलो," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. ताई, तुझ्याकडची ती मागची खोली, तिला खिडकी आहे ना?"

"आहे, बाबा," ताई म्हणाली. आपण जिंकलो, हे तिला अजिबात आवडलं नव्हतं.

ताई बाहेर गॅलरीत गेली, बाबा आत गेले. धाकटा कॉम्प्युटर बंद करायला बसला. जाता जाता आपली लबाडी तरी पुसावी, म्हणून त्याने सेटिंग उघडलं. तिथे दोन नव्हते. दहा होते. त्याच्यावर जाणारी पातळीच नव्हती.

सकाळच्या घाईत आपणच भलतीकडे क्लिक केलं! वाचवायला गेलो आणि आपल्या हाताने बाबांना घराबाहेर काढलं. तो तसाच उठला. आता कबूल करायचं, पाया पडायचं, डाव पुन्हा लावायचा.

बाबा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते.

"बाबा, ऐका. डाव खरा नव्हता. माझ्याकडून मोठी चूक..."

"बोलू रे सावकाश," बाबा म्हणाले. "आधी ती बॅग ओढ पलंगाखालची. मला वाकवत नाही."

धाकट्याने वाकून पट्टा ओढला. बॅग हलेना. दोन्ही हात लावून बाहेर काढली आणि चेन उघडली. आत शर्ट, स्वेटर, औषधांचा डबा, आईचा फोटो, सगळं नीट रचलेलं होतं. सगळ्यात वर बाबांच्या चपला होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि ते वर्तमानपत्र दोन महिन्यांपूर्वीचं होतं.