लाकडाची मान

तोकुजी मोमोसेने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली, तीही डॉक्टरच्या हुकुमावरून.

महिनाभर त्याचा एक डोळा लालभडक सुजला होता. स्वारी कोपऱ्यावरच्या दुकानातले थेंब टाकत बसली. त्या डोळ्याला अर्धंच दिसायला लागलं, तेव्हा कुठे इस्पितळाची आठवण झाली. "सूज आतला पडदा खात गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भोकं पडली, त्यांतून पाणी मागे शिरलं आणि पडदा भिंतीवरून सुटला." सरकत्या दारांना कागद चिकटवण्यात पन्नास वर्षं घालवलेल्या म्हाताऱ्याला हे लगेच कळलं. बाईंनी पडदा पुन्हा बसवला आणि तो चिकटेपर्यंत दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. आता तोंड सतत जमिनीकडे. जेवताना, झोपताना, संडासातसुद्धा. मान वर केली तर डोळा गेलाच म्हणून समजा.

सातव्या दिवशी दुपारी धाकटा भाऊ शिनपेई संत्र्यांची पिशवी घेऊन इस्पितळातल्या खोलीच्या दारात उभा राहिला. अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. शिनपेईने देवळाच्या दारांना लावलेला कागद तोकुजीने पुजाऱ्यांदेखत टराटरा फाडला होता. "हे काम म्हणायचं? यापेक्षा नाक पुसायचा रुमाल बरा!" खरं तर खळ पातळ झाली होती, आणि ती शिजवली होती तोकुजीने. शिनपेईचं मागणं एवढंच होतं, की दादाने एकदा वाकून माफी मागावी. "माझी मान लाकडाची आहे," असं तोकुजी गावभर सांगत फिरला.

आणि आज तो पलंगावर गुडघे दुमडून, कपाळ गादीला टेकून बसला होता. शिनपेईला भडभडून आलं. त्यानेही घाईघाईने फरशीवर डोकं टेकलं.

"दादा, पुरे. इतकं नको रे."

गादीतून आवाज आला, "गाढवा, डॉक्टरांनी बसवलंय असं. डोळ्यासाठी."

शिनपेई उठला. त्याने गुडघे झटकले. "वाटलंच मला. तू आणि माझ्यापुढे वाकणार!" अकरा वर्षांत त्याला एवढं लागलं नव्हतं. संत्री तिथेच टाकून तो दाराकडे निघाला.

तेवढ्यात नर्स आत आली.

"अहो मोमोसे-सान, अजून खालीच? बाईंनी सकाळीच मान वर करायला सांगितली ना? आत्ता तर खिडकीतून फाटकाकडे बघत उभे होतात!"