राज्य कुणावर?

परक्या देशात येऊन महिना होत आला, तरी लेकीच्या तोंडी तिथला एक शब्द बसेना. हिला खेळायला कोण घेणार, या घोराने आईचं प्रयोगशाळेत लक्ष लागेना.

“तुझीच लेक आहे, गप्प बसेल होय?” नवरा म्हणाला. तरी मधल्या सुट्टीत आई शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिलीच.

मैदानात पकडापकडी रंगली होती आणि लेक सगळ्या वर्गाला चक्क मराठीत दटावत होती, “ए, रडीचा डाव नाही हं. तुझ्यावरच राज्य.”

आईला बघून वर्गशिक्षिका धापा टाकत कुंपणाशी आल्या. “मला कितीदा पकडलं तरी मी बाद होत नाही,” त्या आपल्या भाषेत म्हणाल्या.



“तुमच्या मुलीने हा मान आख्ख्या वर्गात फक्त मला दिलाय. मी लिंबूटिंबू आहे.”