आखाडाचं जेवण

"केस दिसत्यात का बघा," सोजरबाई टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. "केस, न्हायतर टाचणी. देवरुशानं सांगितलंय, दोन्ही हायत."

डॉक्टरीणबाईंनी सोजरबाईच्या टम्म फुगलेल्या पोटावर जेल लावलं आणि सोनोग्राफीची मूठ फिरवायला सुरुवात केली.

सोजरबाईची धाकटी जाऊ वैजयंती पायथ्याशी उभी राहून मशीनच्या पडद्याकडे बघत होती. त्या करड्या चिखलातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण मनातल्या मनात ती देवाला विनवत होती, की काही म्हणता काही निघू देऊ नको. जावेच्या जिवाची काळजी होती म्हणून नव्हे. काही निघालं नाही की सोजरबाई खोटी पडणार होती, आणि ती खोटी पडताना वैजयंतीला समोर उभं राहून डोळे भरून बघायचं होतं.

गेल्या आखाडात सोजरबाई तिच्याकडे जेवली आणि त्याच आठवड्यात तिचं पोट फुगलं. दोन घास खाल्ले की गच्च, वर करपट ढेकर, रात्रभर गुडगुड. धाकटीनं मला काहीबाही चारलं, असं तिने होटगीत घरोघर जाऊन सांगितलं. तेव्हापासून वैजयंतीच्या उंबऱ्यात कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. तिच्या लेकीच्या, चैतालीच्या साखरपुड्याला गावातल्या बायका आल्या, ओटी भरली आणि उपास आहे म्हणून निघून गेल्या. अख्ख्या गावाला एकाच दिवशी उपास! आता वैशाखात लग्न होतं. लग्नाची पंगतही अशीच रिकामी राहिली तर व्याही कारण विचारणारच, आणि करणीवाल्या बाईची पोरगी सून म्हणून कोण नेतंय?

म्हणून तिने भर नळावर सोजरबाईला अडवलं होतं. "चला सोलापूरला. झोपा मिशिनीखाली. म्या चारलं आसंल तर दिसंलच की." देवऋषाच्या लिंबांना आणि उलट्यांना कंटाळलेली सोजरबाई लगेच तयार झाली. तिला तर पुरावाच हवा होता. साक्षीला वैजयंतीने शेजारची मनकर्णा आणली होती. मनकर्णाच्या कानात एखादी गोष्ट पडली की दिवेलागणीपर्यंत ती वेशीबाहेर जाते, हे ठाऊक असूनच आणली होती. पेशंटबरोबर एकालाच आत सोडतात म्हणून दारातली नर्स हटकायला लागली, तेव्हा वैजयंती म्हणाली, "ती नातेवाईक न्हाय, साक्षीदार हाय." नर्सने पुन्हा हटकायच्या आत तिघी आत शिरल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी मूठ बाजूला ठेवली. "पोट कधीपासून फुगतंय?"

"आखाडापासनं."

"आणि आत्ता येताय? पोटात पाणी झालंय, आजी. अंडाशयावर मोठी गाठ दिसतेय."

मनकर्णाने तोंडाला पदर लावला. वैजयंती मात्र पुढे सरकली.

"डॉक्टरीणबाई, कुणी काय खायला घातलं म्हणून अशी गाठ हुती का?"

"नाही हो. तसं काही नसतं."

"जरा मोठ्यानं सांगा की. हिला ऐकू गेलं पायजे." तिने मनकर्णाकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी ओशाळली असती. वैजयंती हलली नाही.

"कुणी काही चारल्यामुळे हे होत नाही," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "झालं समाधान?"

"मनकर्णे, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की."

वैजयंतीला इतकं गार वाटलं, की पुढचं बोलणं तिने धड ऐकलंच नाही. रक्त तपासायचं, सीटी स्कॅन, कॅन्सर असू शकतो, ऑपरेशन लागेल, घरच्यांना उद्याच घेऊन या, असं काहीतरी चाललं होतं.

बाहेर आल्याबरोबर मनकर्णा फोन लावायला जिन्याकडे गेली. सोजरबाई भिंतीकडेच्या बाकावर बसली. वैजयंती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. हे वाक्य तिने भाकऱ्या थापताना, धुणं धुताना, रात्री अंथरुणात घोकून ठेवलं होतं.

"काय अक्का, निघाले का केस?"

सोजरबाईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि शरमही नव्हती. तिने वैजयंतीचं मनगट धरलं.

"वैजंते, तू चारलंस म्हण की."

"काय?"

"मी कुणाला सांगत न्हाय. माझ्यापुरतं म्हण. तू चारलं आसशील तर तुला काढता बी यील. पाया पडती तुझ्या. ही गाठ म्हंत्यात ती न्हाय गं निघत. माझ्या आईची न्हवती निघाली."

नुसतं व्हय म्हटलं असतं तरी थोरलीला आजची रात्र झोप लागली असती, हे वैजयंतीला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती खाली वाकली आणि तिच्या कानाशी गेली.

"म्या न्हाय चारलं, अक्का," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "कुणीच न्हाय चारलं."

आखाडापासून ती हे गावभर ओरडून सांगत होती. सोजरबाईला ते आज पटलं.