मैनाची जप्ती

“घोडी जप्त करा म्हणता, मग ठेवू कुठं? माझ्या खुर्चीवर?” हवालदार पायगुडे म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. समोर उभ्या असलेल्या उत्कर्षाला त्यांनी अजून ‘बसा’सुद्धा म्हटलं नव्हतं.

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसमधून अर्धी रजा काढून काढून ती या पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवत होती. आधी म्हणाले, हद्द आमची नाही. मग म्हणाले, घोडी कुठाय, दाखवा. आता घोडी काय पर्समध्ये घालून आणायची? शेवटी हद्द यांचीच निघाली, मोबाइलमध्ये ढीगभर व्हिडिओही होते, तर म्हणे ठेवू कुठं!

“कलम अकरा,” ती म्हणाली. “म्हातारं, जखमी जनावर कामाला लावणं हा गुन्हा आहे. मी पाठ करून आलेय.”

“आम्हालाही पाठ आहे, मॅडम. कलमात गोठा दिलेला नाही.”

घोडी वाघोलीच्या ज्ञानदेवची. मैना तिचं नाव. वरातीत नवरदेव मिरवून मिरवून म्हातारी झालेली, मागच्या एका पायाने चांगलीच लंगडणारी. रोज संध्याकाळी ज्ञानदेव तिला घेऊन खराडीत यायचा आणि नेमका उत्कर्षाच्या सोसायटीच्या फाटकासमोरून फिरवायचा. पाठीवर खोगीर, त्यावर जरीची झूल, डोक्याला तुरा. लग्नाची तिथी असो नसो, थाट तोच. मैना पाय उचलायची, टेकवताना थरथरायची.

आणि तो माणूस! इतका निर्ढावलेला माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. ती फाटकाच्या आतून शूटिंग करायला लागली की पळून जायचं सोडून तो चक्क थांबायचा. मिशीवरून हात फिरवत तिचं होईपर्यंत उभा राहायचा.

“अहो, लाज नाही वाटत?” एकदा ती ओरडली होती.

“वाटती की,” तो म्हणाला होता. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

सुरुवातीला तिने ते व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकले. हजारो लोकांनी रडके चेहरे पाठवले. या माणसाला भर चौकात फोडून काढा, असंही लोक म्हणाले. घोडीजवळ मात्र कोणी फिरकलं नाही. खरं तर फाटक ओलांडून उत्कर्षाही गेली नव्हती. असल्या माणसाच्या तोंडी कोण लागणार? मग तिने चौकी गाठली, आणि चौकीने तिला टोलवायला सुरुवात केली.

आज मात्र ती हटणार नव्हती. तिने हवालदारांसमोरच प्राण्यांच्या एका संस्थेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“पोलीस केस असेल तर घेऊ,” पलीकडून आवाज आला. “केस आहे ना?”

“आहे,” उत्कर्षाने ठोकून दिलं.

पायगुडेंचा नाइलाज झाला. त्यांनी चहा संपवला, टोपी घातली आणि वर तोंड करून कोणाला तरी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले.

संध्याकाळी ज्ञानदेव फाटकापाशीच सापडला. पळाला नाही की हातापाया पडला नाही. पायगुडेंनाच अजून सुटकेची आशा होती. “नुसती फिरवतोस ना रे हिला? पाठीवर कोणी बसत नाही ना? मग त्याला काम कसं म्हणायचं?”

“मी बसतो की,” ज्ञानदेव म्हणाला. “वरातीलाबी नेतो. पाय दुखतोय त्ये ठावं हाय मला. लिवा.”

“अरे बाबा, शुद्धीत बोल. गुन्हा दाखल होईल.”

“व्हऊ द्या.”

काय ही मस्ती! उत्कर्षाला वाटलं, या माणसाला कायदा म्हणजे पोरखेळ वाटतोय. असल्यांना जबर शिक्षाच झाली पाहिजे.

संस्थेचा टेम्पो आला. डॉक्टरांनी मैनाचा पाय तपासला, मान हलवली, इंजेक्शन दिलं. फळीवरून तिला अलगद आत चढवलं. उत्कर्षाला कधीचा हा क्षण हवा होता, पण आनंद काही होईना. झाला तो संतापच. कारण ज्ञानदेव मागोमाग टेम्पोत चढला, त्याने झूल काढली, खोगीर उतरवलं आणि मैनाच्या मानेत तोंड खुपसून तो लहान पोरासारखा रडायला लागला.

तो खाली उतरला तशी ती तडकलीच. “आता कशाला ही नाटकं? एवढी माया होती, तर आधीच संस्थेत का नाही नेऊन सोडलीत?”

“नेली व्हती,” तो म्हणाला.

“मग?”

“मालकानं आणलेलं जनावर घेत न्हाईत ते. जागा न्हाई म्हणाले. पोलिसांनी धरून दिलेलंच तेवढं घेत्यात. चौकीत आलो, तर साहेब हसले. म्हणले, सोताचीच तक्रार सोता करतोस व्हय? इकली असती, तर वीटभट्टीवाल्यानं मरंस्तोवर राबवली असती.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “म्हणून साज चढवून हितं आणाय लागलो. तुमी शूटिंग काढलं, म्हणलं झालं आपलं काम.”

टेम्पो सुरू झाला. ज्ञानदेव त्याच्याकडे बघत राहिला.

“मला काय बोलायचं ते बोला, ताई. पर लई उशीर केला तुमी. महिनाभर लंगडत ती तुमच्याच दारावरनं फिरत व्हती.”