बाहेरचा माल

"चढवा रोलर!" कस्टमच्या साहेबांनी हुकूम सोडला आणि वहिनी धावत पुढे आल्या.

कारखान्याच्या आवारात दम्याच्या पंपांचा ढीग पडला होता. सगळे नवेकोरे. पॅकिंग खात्यातल्या या वहिनींनीच ते उन्हाळ्यात खोक्यांत भरले होते. तेव्हा नवं फर्मान निघालं होतं. बाहेरचा माल आत येऊ द्यायचा नाही, आपला सगळा बाहेर विकायचा आणि सोनं आणायचं. टीव्हीसमोर सासूबाई हरखून गेल्या होत्या. "बघशील तू, घरोघरी सोन्याचा धूर निघेल!"

सोनं सरकारी तिजोरीत गेलं. सासूबाईंच्या हातात राहिला रिकामा पंप. दुकानं पालथी घातली, नवा मिळेना. आता त्या आडव्याही होऊ शकत नव्हत्या. उशीला टेकून, तोंड उघडं टाकून नुसत्या बसून असायच्या.

मग शेजारच्या देशालाही हीच अक्कल सुचली. त्यानेही दारं लावून घेतली. माल गेला तसा परत आला. वहिनींना वाटलं, देव पावला, आता तरी तो दुकानात येईल.

"साहेब, हा आपलाच माल आहे. मी भरलाय."

"सीमेबाहेर जाऊन आला ना? मग ती आयात झाली. आयातीला बंदी आहे."

"अहो, माहेरी जाऊन आलेली सून काय परकी होते?"

हमाल खो खो हसले. साहेब हसले नाहीत. रोलर ढिगावर चढला आणि पंप कडाकडा फुटू लागले. घरोघरी माणसं श्वासासाठी तडफडतायत आणि हे शहाणे औषध चिरडतायत! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पंप घरंगळत पायाशी आला. त्यांनी तो उचलला आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकला.

गेटवर झडती झाली. डबा उघडला गेला. साहेब स्वतः आले.

"केली चोरी," वहिनी म्हणाल्या. "पगार कापा, नोकरीवरून काढा. पण आधी हा पंप घरी पोचवा. सासूबाईंना श्वास पुरत नाही."

साहेबांनी पंप उलटसुलट करून पाहिला आणि रोलरच्या दिशेने भिरकावला.

"चोरी आपल्या मालाची होते, बाई. ही तस्करी आहे."