बसून राहिलेला माणूस

"सावधान!"

सेनगावच्या त्या मंगल कार्यालयात हा शब्द शेकडो वेळा उच्चारला गेला होता, पण आजवर कोणी तो इतका मनावर घेतला नव्हता. दोनशे अकरा माजी सैनिक पोह्यांच्या प्लेटा हातात धरून ताठ उभे राहिले. एकाच्या घशात शेव अडकली, तरी तो खोकला नाही. टोकाला कढईपाशी आचारी ग्यानोबासुद्धा झारा मांडीला लावून उभा राहिला.

एकटा भावसिंग बसून खात होता. त्यानं आजूबाजूला उठलेल्या पायांकडे पाहिलं, काहीतरी कार्यक्रम असेल अशा हिशेबानं मान हलवली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

"विश्राम," विश्वंभर म्हणाला. चोर घावला होता.

अखिल हिंद माजी जवान सेवा परिषदेचं हे राष्ट्रीय अधिवेशन. राष्ट्रीय म्हणजे चार राज्यांतले लोक आले होते. पाचव्या राज्याची गाडी अकोल्यात चुकली, तेव्हा ते तिथूनच शुभेच्छा देऊन परत गेले. हिंगोली जिल्ह्याला यजमानपद पहिल्यांदाच मिळालं होतं आणि जिल्हा शाखेचा अध्यक्ष विश्वंभर त्या आनंदात बरोबर एक दिवस होता. काल केंद्रीय सरचिटणीसांचा फोन आला. "तुमच्याकडं एकाचे कागद खोटे आहेत, अशी पक्की खबर आहे. उद्या संध्याकाळपर्यंत शोधा. मागून बोभाटा झाला, तर शाखा बंद."

सतरा वर्षं विश्वंभरनं लष्करी भांडारात ब्लँकेटं सांभाळली होती. संशय त्याच्या हाताला बसलेला होता. कालपासून त्याला सगळेच खोटे दिसत होते. एक जण पहाटे पाचला उठत नव्हता. दुसरा साडेतीनलाच उठत होता, हे तर जास्तच वाईट.

फक्त अनुसयाबाईंवर शंका घ्यायचा प्रश्न नव्हता. त्या वीरपत्नी. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान, साखऱ्याचे उकंडराव, बर्फात चौकीसकट गडप झाले. देहही मिळाला नाही. शेजारच्या बायका कुंकू पुसायला आल्या, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला होता. "शहीद अमर असतो म्हणता ना तुमीच? मंग कुंकू काहून पुसू?" हे पेपरात छापून आलं. तेव्हापासून जिल्ह्यात कुठंही सुधारणेवर भाषण असलं, की बाई ठसठशीत कुंकू लावून पहिल्या रांगेत. आज संध्याकाळी त्यांचाच सत्कार होता. त्यांनी अट एकच घातली होती. आचारी ग्यानोबाच पाहिजे. "दुसऱ्याच्या हातचं मला पचत न्हाई."

विश्वंभर भावसिंगसमोर जाऊन उभा राहिला. "पलटण कोणती?"

"व्हय, चांगले झाले."

"पलटण इचारून राहिलो मी!"

"न्हाई, आता बास. पोट भरलं."

"पाहिलं का?" विश्वंभर मंडपाकडे वळला. "सावधान म्हणल्यावर आचारी उभा राहिला. आचारी! ज्यानं जिंदगीत झाऱ्याबिगर काही धरलं न्हाई! अन् हे जवान लिंबू पिळून राहिले!"

कुजबुज सुरू झाली. ग्यानोबा खाली मान घालून कढईकडे वळला. अनुसयाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

भावसिंगला एवढं कळलं, की सगळे आपल्याचकडे बघताहेत. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, पुडीतून मशीन काढलं आणि कानात घातलं. "हां. बोला आता."

"मशीन काढून काहून ठेवलं?"

"भाषणं सुरू व्हणार व्हती ना."

तोफखान्यात एकोणीस वर्षं. डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, बहिरेपणाचा दाखला, सगळं बराबर. हैदराबादहून आलेले एक कर्नलसाहेब पुढं येऊन म्हणाले, "याच्याच तोफेपाशी माझा डावा कान गेला." दोघांनी मिठी मारली आणि बराच वेळ वेगवेगळ्या विषयांवर गप्पा मारल्या.

विश्वंभरनं माफी मागितली. लेखी मागितली, ऐकू जाईल याची खात्री नव्हती.

मग दुपारभर त्यानं प्रत्येकाचे कागद तपासले. साडेतीनला उठणाऱ्याचे दोनदा. सगळे खरे निघाले. खबर देणाऱ्याला त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

संध्याकाळी हार घातलेला उकंडरावांचा तरणा फोटो स्टेजवर मांडला गेला. सूत्रसंचालक गदगदला. "आधीची तीन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं या लेकराला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडराव. यमानं ढुंकून पाहू नये म्हणून! पण यमानं पाहिलंच! ताई, साहेबांचं नाव घ्या आणि दोन शब्द बोला."

बाई लाजल्या. "त्यांच्यादेखत नाव कसं घेऊ?"

सगळा मंडप फोटोकडे वळला आणि रडला. भावसिंगसुद्धा रडला, मशीन आज कानातच होतं. उकंडरावांच्या नावची शाल घेऊन बाई स्टेजवरून उतरल्या आणि मागच्या बाजूला गेल्या.

भोंग्याचा आवाज नको म्हणून विश्वंभरही भटारखान्यामागं आला होता. ताडपत्रीला टेकून त्यानं फोन लावला.

"साहेब, दोनशे बारापैकी दोनशे बारा खरे."

"आणि आमची खबर?"

"साफ खोटी. शाखेच्या नावानं शपथ घेतो. मी सोता परीक्षा घेतली. एक बहिरा सोडला, तर सावधान म्हणल्याबराबर जो तो उभा..."

ताडपत्रीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"घ्या ही शाल," अनुसयाबाई म्हणत होत्या. "तुमच्याच नावची हाय. अन् किती बार सांगितलं तुमाला, कुनी सावधान म्हणलं तरी बसून राहत जा म्हणून?"